चुकीच्या जागेचा पूल

रविवारी भावाकडे, नानाकडे, जेवायला जायचं की नाही, यावर अक्काने सकाळपासून दोनदा मत बदललं, आणि शेवटी ती गेली ती भुकेने नव्हे, रागाने. राग शिळा होऊ द्यायचा नाही, ही तिची शाळेतली सवय. मुलींना ओरडायचं तर त्याच तासाला. दुसऱ्या दिवशी ओरडण्यात काही अर्थ नसतो.

बातमी तिला औषधाच्या दुकानात कळली होती. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात शहराचं संग्रहालय उघडणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण तिथल्या मधल्या दालनात बटण दाबलं की जो आवाज शहराची गोष्ट सांगतो, तो आवाज नानाच्या बायकोचा आहे, हे औषधवाल्याने खोकल्याची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं. "वहिनी काय बोलल्यात, अंगावर काटा आला," असंही वर म्हणाला; उघडण्याआधीच तो तिथे ऐकून आला होता. अक्का खोकायचं विसरली.

तिला वाटलं होतं, तो आवाज आपलाच असणार. दुसऱ्या कुणाचा असू शकतो, हा विचार तिच्या स्वप्नातही आला नव्हता. मुलींच्या शाळेत तिने उभा जन्म भूगोल शिकवला, आणि दरवर्षी नवीन वर्गाला शहर पायी फिरवून दाखवलं. मोठ्या शहराच्या उंबऱ्याशी बसलेलं हे छोटं शहर. इथे किल्ला नाही, नदी नाही, कुठला राजा इथे लढणं तर सोडाच, पाणी प्यायलाही थांबला नाही. जे काही झालं ते मातीमुळे. चिकट लाल माती पाहून कुणीतरी भट्टी घातली. भट्टीला माणसं लागली, माणसांना खोल्या, खोल्यांना दुकानं, आणि कौलं वाहून न्यायला रेल्वे. पुढे मोठ्या शहरात जागा पुरेना तेव्हा तिथले लोक इकडे झोपायला येऊ लागले. सकाळी शहर रिकामं, संध्याकाळी भरलेलं. त्याला गाव म्हटलं तर ते रुसायचं, आणि शहर म्हटलं तर स्वतःच हसायचं. मग स्लॅबची घरं आली, कौलं कुणाला नकोशी झाली, कारखान्याला टाळं लागलं. मातीच्या खाणीत पाणी साचून तळं झालं, आणि ज्या खाणीतून बायकांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, तिच्या काठचे फ्लॅट आता देखाव्यासाठी महाग झाले होते.

हे सगळं अक्काला तोंडपाठ होतं, आणि ते तिला पुस्तकातून मिळालं नव्हतं. तात्यांनी दिलं होतं. तात्या, म्हणजे या भावंडांचे वडील, आधी कारखान्यात मुकादम होते, नंतर त्यांनी हार्डवेअरचं दुकान काढलं, आणि नगरपालिका स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. अक्का शाळकरी असताना ते तिला रोज सकाळी रेल्वेच्या फाटकावरून लांबचा वळसा घेऊन शाळेत सोडायचे आणि वाटेत एकेका घराची, एकेका गल्लीची हकिकत सांगायचे. नानाला कधी असं नेलं नाही, छोटूला नाही. हे शहर तात्यांनी आपल्या एकटीच्या पदरात घातलं, हे अक्काच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं सुख होतं. लग्न केलं नाही, घरदार मांडलं नाही, त्याचं तिला कधी फार वाटलं नाही. पण या सुखात वाटेकरी आलेला तिला खपला नसता.

आणि आता वाटेकरीण आली होती. तीही डोंगरापलीकडून लग्न होऊन आलेली, जिला पहिलं वर्षभर कारखान्याचं मागचं दार कुठलं आणि पुढचं कुठलं, हे कळत नव्हतं.

जेवायला सगळ्यांत धाकटा भाऊ मोठ्या शहरातून आला होता. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात तो छोटूच. छोटूचा स्वभाव असा, की ज्याच्या शेजारी बसेल त्याच्या बाजूचा. तो अक्काच्या शेजारी बसला आणि कुजबुजला, की खरं तर हे काम तुझंच होतं, संग्रहालयवाल्यांना अक्कल नाही. भाजी वाढायला वहिनी आली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाला, वहिनी, शहरभर तुमचंच नाव आहे. अक्काने त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला, तोंड बंद राहावं म्हणून.

नाना मान खाली घालून जेवत होता. तात्यांचं दुकान तोच चालवायचा. खिळे, कड्या, नळाच्या तोट्या यांच्यात आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. बहीण आणि बायको एका खोलीत असल्या की तो आणखी कमी बोलायचा. दोन दगडांवर पाय ठेवण्यापेक्षा तो पाण्यात उभा राहणं पसंत करी.

"मला तुम्ही कुणी सांगितलं नाहीत," अक्का शेवटी म्हणाली. "औषधवाल्याकडून कळलं."

वहिनी वाढता वाढता थांबली. "मी सांगणार होते, वन्सं. पण तुम्ही ऐकल्यावरच ठरवावं, असं मला वाटलं. आज म्हणूनच बोलावलंय. संग्रहालयातली मुलगी म्हणाली आहे, घरातल्या कुणाचीही हरकत असेल तर ती तो भाग काढून टाकेल."

"कुणाचीही?"

"कुणाचीही."

हे ऐकल्यावर अक्का शांतपणे जेवली. भाजी चांगली झाली होती, याचासुद्धा तिला राग आला.

दुपार कलल्यावर चौघं कारखान्यात गेले. कौलं वाळवायची लांबलचक शेड झाडून, रंगवून संग्रहालय केलं होतं. लाकडी मांडण्या तशाच ठेवून त्यांवर साचे, फावडी, मुकादमांच्या शिट्ट्या, खोल्यांच्या चाव्या मांडल्या होत्या. संग्रहालय लावणारी मुलगी अक्काचीच जुनी विद्यार्थिनी होती. "बाई, या," म्हणत तिने हात धरून भिंतीपाशी नेलं. भिंतीवर शहराचा इतिहास मोठ्या अक्षरांत लिहिला होता: पहिली भट्टी, रेल्वे, पहिली नगरपालिका, टाळं. अक्काने वाचलं. वाक्यन्‌वाक्य तिचं होतं. तिनेच या मुलीला दोन दुपारी बसून सांगितलेलं.

"तुम्ही सांगितलेलं सगळं इथे आलंय, बाई. एकही चूक सापडली नाही."

"मग आवाज माझा का नाही?"

मुलगी गोंधळली. ओठ चावून, अगदी वर्गात उभं केल्यासारखी, ती म्हणाली, "तुमचं बोलणं भिंतीवर शोभतं, बाई. वहिनींचं ऐकावंसं वाटतं."

अक्काला वाटलं, हिला एके काळी आपण वर्गात फार लवकर खाली बसवलं असणार. भिंतीवर कुठेच तिचं नाव नव्हतं, हेही तिने पाहिलं.

मधल्या दालनात बाकं होती. मुलीने बटण दाबलं आणि नानाच्या बायकोचा आवाज शेडभर पसरला. तो रोजचाच आवाज होता, थोडा घोगरा, कपडे वाळत घालता घालता शेजारणीशी बोलल्यासारखा. सुरुवातीचं अक्काने नाक उडवत ऐकलं: एका नव्या नवरीला या शहरात सगळ्यांत आधी काय दिसलं, तर घराघराच्या कौलांवर एकच शिक्का, जणू सगळं गाव एकाच हाताने बनवलंय. मग आवाज पुलाकडे वळला.

पुलाची थट्टा सगळं शहर करतं. रुळांनी शहराचे दोन तुकडे केलेले. इकडे कारखाना आणि कामगारांच्या खोल्या, तिकडे दवाखाना आणि शाळा. ओलांडायला बाजारातलं फाटक एवढीच वाट, आणि ते निम्मा वेळ बंद. पादचारी पूल व्हायचा तर तो बाजारात व्हावा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तात्यांनी तो बांधला बाजारापासून लांब, भट्ट्यांच्या मागे. एका टोकाला राखेचा ढीग, दुसऱ्या टोकाला मुलींच्या शाळेची भिंत. "अध्यक्षांनी नकाशा उलटा धरला होता," असं लोक म्हणायचे, अजूनही म्हणतात. अक्का आपल्या मुलींना सांगायची, की बाजारातली जमीन भरावाची, भुसभुशीत. तिथे खांब टिकले नसते. हे तिने स्वतःच विचार करून काढलं होतं, आणि इतकी वर्षं सांगितल्यावर ते खरंही झालं होतं.

"जमिनीचं काही नव्हतं," वहिनीचा आवाज म्हणाला. "तात्या अंथरुणाला खिळले होते तेव्हा एकदा मी त्यांना पुलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, तेव्हा मी मुकादम होतो. एक दिवस भट्टीवरून पाहिलं, तर रुळांवर मालगाडी उभी होती. एका मुलीने दप्तर गाडीखालून पलीकडे फेकलं आणि स्वतः चाकांमधून रांगत गेली. ती बाहेर निघाली आणि गाडी हलली. ती माझी मुलगी होती. घरी मी काही बोललो नाही. बोललो असतो, तर तिच्या आईने तिची शाळा त्याच दिवशी बंद केली असती. दुसऱ्या दिवसापासून मी तिला फाटकावरून पोहोचवायला लागलो. ती कंटाळू नये, पळून पुन्हा त्या वाटेला जाऊ नये, म्हणून तिला वाटभर गोष्टी सांगायचो. मला येत होत्या तेवढ्या संपल्या, तेव्हा म्हाताऱ्या कामगारांना विचारून नव्या आणल्या. आणि अध्यक्ष झालो तेव्हा पूल तिथेच बांधला. सगळे म्हणाले, चुकीच्या जागी. मला तर तीच एक जागा दिसत होती."

आवाज थांबला.

अक्काला मालगाडी आठवली. चाकांचा तेलकट वास आठवला, खडी गुडघ्यांना टोचलेली आठवली. सगळ्याच मुली तसं जायच्या. तिने ते एकदा नव्हे, कितीतरी वेळा केलं होतं. आणि मग तात्या अचानक एका सकाळी चप्पल घालून दारात उभे राहिले होते, म्हणाले होते, चल, आज तुला गंमत दाखवतो. तिला वाटलं होतं, तिन्ही मुलांतून त्यांनी आपल्याला निवडलं. त्यांनी निवडलं नव्हतं. ते पहारा देत होते.

कुणीतरी मिठीत घ्यावं आणि त्याच वेळी थोबाडीत मारावी, तसं तिला झालं. दोन्हींतलं जे आधी तोंडाशी आलं ते ती बोलली.

"काढून टाका हे."

छोटू म्हणाला, "अगं अक्का, ही तर तुझीच गोष्ट. यात तुला कमीपणा काय आहे?"

"माझी आहे म्हणूनच. माझ्या बापाने माझ्याबद्दल काय पाहिलं, ते मी औषधवाल्यानंतर ऐकायचं? सगळ्या शहराने बटण दाबून ऐकायचं?" ती वहिनीकडे वळली. "मी रोज येत होते. शाळा सुटली की थेट त्यांच्या खाटेपाशी. एक दिवस चुकवला नाही. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तुला सांगितलं. आणि तू इतकी वर्षं दडवून ठेवलंस."

"दडवलं," वहिनी म्हणाली. "पण तुमच्यापासून नव्हे, वन्सं."

तिची नजर नवऱ्याकडे गेली. अक्काचीही गेली. नाना बाकावर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बघत होता.

"पुलामुळे तात्या निवडणूक हरले," तो म्हणाला. त्याचा सूर नेहमीसारखाच सपाट होता. "बाजारवाले चिडले. दुकानावर यायचे बंद झाले. कामाला ठेवलेला माणूस काढावा लागला, आणि तात्या मला म्हणाले, वर्षभर गल्ल्यावर बस, मग बघू. मला तंत्रशाळेत जागा मिळाली होती. वर्षभर म्हणाले होते."

हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी ते पुलाशी जोडून पाहिलं नव्हतं.

"मला वाटायचं, त्यांना हिशोब जमला नाही. नकाशा कळला नाही. अडाणीपणा झाला. त्यांच्यावर रागावायला ते बरं होतं." नाना उठला. "आज कळलं, कुणाची शाळा वाचवायला कुणाची गेली."

तो बाहेर गेला. छोटू आधी अक्काच्या बाजूने, मग वहिनीच्या बाजूने होता. आता तो लगबगीने नानाच्या मागे गेला, आणि या वेळी तो खरंच कुणाच्या तरी बाजूने आहे, असं त्याच्या पाठीवरून वाटलं.

अक्का बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला नानाकडे धाकटा भाऊ म्हणून नव्हे, तर आपल्यावर जळायचा हक्क असलेला माणूस म्हणून बघावं लागत होतं. इतकी वर्षं तिने फक्त एकाच दिशेचा मत्सर ओळखला होता, स्वतःकडून बाहेर जाणारा. सगळे आपल्या ताटातलं घ्यायला टपलेत, असं समजून ती जगली, आणि तिचं ताट नानाच्या वाट्यातून भरलं होतं.

"म्हणून मी बोलले नाही कधी," वहिनी हळू म्हणाली. "यांना कळलं तर जन्मभर सलेल, असं वाटायचं. पण ही मुलगी पुलाची गंमत विचारायला लागली, हसत हसत, आणि मला तात्यांना कुणी हसलेलं सोसवेना. निघून गेलं तोंडातून. आता म्हणाल तर काढूया. मलाही तेच बरं."

काढूया, असं अक्काला म्हणायचं होतंच. पण तिला वाटलं, हे आपल्या एकटीने ठरवायचं राहिलेलं नाही. ती बाहेर आली.

धुराड्याच्या चौथऱ्याशी नाना आणि छोटू उभे होते. अक्का नानासमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायची तर कशाची, हे तिला कळेना; तिने काही केलं नव्हतं, फक्त शाळेत गेली होती. ती एवढंच म्हणाली, की तू म्हणशील तसं करू. नको असेल तर आत्ताच्या आत्ता काढायला लावते.

नानाने धुराड्याच्या एका विटेवर अंगठा फिरवला, माल पारखावा तसा.

"राहू दे," तो म्हणाला. "पण अर्धं नको. त्या पोरीला म्हणावं, तात्या हरले तेही घाल. दुकानाचंही घाल. पूल फुकट आला नाही, हे लोकांना कळू दे." मग विटेवरचा हात काढत, "आणि तुझं नाव घाल भिंतीवर. ते सगळं तूच सांगितलंयस, दिसतंय की."

त्याचा राग गेला होता असं नाही. तो जायला वेळ लागणार होता. कदाचित जाणारही नव्हता. पण गिऱ्हाइकाला खोटं माप द्यायचं नाही, हा त्याचा दुकानातला नेम, तो त्याने इथेही मोडला नाही.

नाना आणि छोटू दुकानाकडे निघाले. अक्काला पलीकडे आपल्या घरी जायचं होतं. वहिनी म्हणाली, मीही येते पुलापर्यंत, आणि अक्काने नको म्हटलं नाही.

पुलाच्या पायऱ्या उंच होत्या, आणि दोघींचे गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. मध्यावर येऊन त्या कठड्याला टेकल्या. खाली रूळ उन्हात चमकत होते. एका बाजूला शेडची लांब कौलं, दुसऱ्या बाजूला तळ्याकाठचे फ्लॅट; त्यांतल्या बाल्कन्यांत वाळणारे कपडे. अक्काला विचारायचं नव्हतं. विचारणं म्हणजे हिच्याजवळ तात्यांचं काही आहे, हे कबूल करणं. पण न विचारता घरी गेली असती, तर आज डोळा लागला नसता.

"तात्या आणखी काय काय सांगायचे तुला?"

वहिनी हसली, पण त्यात आनंद नव्हता. "पुष्कळ सांगायला घ्यायचे. पुरं काहीच व्हायचं नाही."

"म्हणजे?"

"दुपारी ते बोलायला लागायचे. कारखान्याचं, संपाचं, त्यांच्या आईचं. मी हातातलं काम सोडून बसायची. चांगलं रंगात आलेलं असायचं, आणि शाळा सुटायची वेळ झाली की अर्ध्या वाक्यात थांबायचे. म्हणायचे, जरा खिडकी उघड, ती येईल आता. मग लक्ष सगळं रस्त्यावर. मी पुढे विचारलं तर, नंतर, म्हणायचे. तुम्ही यायचात, पायरीपासून बोलायला सुरुवात करायचात, आणि ते डोळे मिटून ऐकत राहायचे. तुम्ही गेल्यावर झोपून जायचे." तिने कठड्यावरचा हात काढून घेतला. "मी त्यांचं सगळं केलं, वन्सं. पण वाट त्यांनी माझी कधी पाहिली नाही. खरं सांगते, तुमची पावलं जिन्यावर वाजली की मला तुमचा इतका राग यायचा."

अक्का ऐकत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्या खालून, भांड्यात पाणी चढावं तसा, एक निर्लज्ज आनंद वर येत होता. तो लपवायला तिने चेहरा रुळांकडे वळवला. मग तिला वाटलं, हिच्यापासून तरी कशाला लपवायचा. हिने आत्ताच आपला मत्सर असा उघड्यावर मांडला होता. या घरात तेवढं धाडस दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

"संपाचं कुठवर आलं होतं?" तिने विचारलं. "पुढचं मला माहीत असेल."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. खरंच विचारतेय की खिजवतेय, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि अक्कालाही ते नक्की सांगता आलं नसतं.

"मुकादमांनी भट्टी विझू द्यायची नाही असं ठरवलं, इथवर," ती सावधपणे म्हणाली.

"मग बस," अक्का म्हणाली, आणि स्वतः तिथेच पुलावर पदर आवरून बसली. "त्याला वेळ लागेल."